रोजकीर्दीतले युद्ध : ब्रह्मदेश–पॅसिफिक आघाडीवरील दैनंदिन विमानमोहिमा आणि त्यांच्या नोंदी

१

युद्धाचा इतिहास सामान्यतः लढायांच्या नावांनी सांगितला जातो. लढाईला स्थळ असते, तिथी असते, सेनापती असतो. तिला आरंभ, मध्य आणि शेवट असतो. त्यामुळे ती कथनास सोयीची ठरते. मराठी वाचकाच्या मनात वसईची मोहीम म्हटली म्हणजे मे १७३९ मधील अखेरचा हल्ला उभा राहतो. मार्च १७३७ पासून दोन वर्षे चाललेली खंदकांची, शिड्यांची, दारूगोळ्याची आणि धान्याची रोजची विवंचना उभी राहत नाही. दुसऱ्या महायुद्धासंबंधीही हेच घडले. पर्ल हार्बर, मिडवे, लेटे, इंफाळ ही नावे सर्वांस ठाऊक आहेत. परंतु या नावांच्या दरम्यान जे शेकडो दिवस गेले, ज्या दिवशी पहाटे विमाने उडाली, दुपारी परतली आणि सायंकाळी कारकुनाने वहीत चार ओळी लिहिल्या, त्या दिवसांचा इतिहास बहुधा अलिखितच राहिला.

विमानयुद्धाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवणारी आहे. कारण विमानयुद्ध हे स्वभावतःच नित्यक्रमाचे युद्ध होय. एका दिवसाच्या उड्डाणाने सहसा काहीच सिद्ध होत नाही. तेच उड्डाण तीनशे दिवस झाले म्हणजे शत्रूचा रस्ता बंद पडतो, किंवा वेढ्यातील सैन्य जगते. अशा युद्धाचा अस्सल पुरावा म्हणजे दैनंदिन नोंद. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, तेव्हापासून बखरीपेक्षा अस्सल पत्राचे आणि कागदाचे प्रामाण्य अधिक, हा विचार मराठी इतिहाससंशोधनात रुजला. पेशवे दफ्तरातील रोजकीर्द वाचण्याची जी शिस्त या परंपरेने घालून दिली, ती विसाव्या शतकातील लष्करी रोजकीर्दीस कितपत लागू पडते, आणि ती लागू केली असता काय हाती येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी ब्रह्मदेशाची आघाडी आणि तिच्याशी बांधला गेलेला पॅसिफिक महासागर ही क्षेत्रे घेतली आहेत; आणि अखेरीस कल्याण, मुंबई व वसई–विरार या पिछाडीच्या भूमीकडे वळावयाचे आहे.

२

पॅसिफिक महासागरातील विमानयुद्धाचा पहिला नियामक घटक म्हणजे अंतर. ७ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकन सैन्य ग्वाडलकनाल बेटावर उतरले आणि तेथील अर्धवट बांधलेली जपानी धावपट्टी त्यांच्या हाती आली. तिला पुढे हेंडरसन फील्ड हे नाव मिळाले. २० ऑगस्ट रोजी तिच्यावर अमेरिकन लढाऊ विमाने उतरली. जपान्यांचा मुख्य विमानतळ रबौल येथे, म्हणजे सुमारे एक हजार किलोमीटर दूर होता. सकाळी निघालेली जपानी विमाने दुपारच्या सुमारासच बेटावर पोहोचू शकत; कारण परत जाऊन दिवसाउजेडी उतरणेही त्यांस आवश्यक होते. वाटेवरील बेटांत दडून बसलेले किनाऱ्यावरचे टेहळे ही विमाने डोक्यावरून जाताना पाहून बिनतारी संदेश देत, आणि हेंडरसन फील्डवरील वैमानिकांस उंची गाठण्यास पुरेसा अवधी मिळे. येथे शौर्याचे महत्त्व कमी नव्हते. परंतु त्या शौर्याचे वेळापत्रक भूगोलाने आखून दिले होते.

दुसरे उदाहरण रबौलचेच. नोव्हेंबर १९४३ पासून या तळावर मित्रराष्ट्रांच्या विमानांचा मारा वाढत गेला. फेब्रुवारी १९४४ मध्ये ट्रुक येथील जपानी तळावर मोठा हल्ला झाल्यावर जपानने रबौल येथील आपली बहुतेक विमाने काढून घेतली. रबौल जिंकून घेण्याचा बेत मित्रराष्ट्रांनी आधीच सोडून दिला होता. तेथील सुमारे एक लाख जपानी माणसे युद्धाच्या अखेरपर्यंत जागच्या जागी अडकून पडली. त्यांस अडकवून ठेवण्याचे काम कोणत्याही एका लढाईने केले नाही. ते ऑगस्ट १९४५ पर्यंत चाललेल्या नित्याच्या उड्डाणांनी केले. लढायांच्या सूचीत ही दीड वर्षे सापडत नाहीत. रोजकीर्दीत मात्र ती पानोपानी आहेत.

तथापि रोजकीर्द म्हणजे सत्य, असे समीकरण मांडणे धोक्याचे आहे. ऑक्टोबर १९४४ मध्ये फॉर्मोसा बेटानजीक झालेल्या विमानयुद्धानंतर परतलेल्या जपानी वैमानिकांनी जे अहवाल दिले, त्यांची बेरीज करून टोकियोच्या मुख्यालयाने अकरा अमेरिकन विमानवाहू नौका बुडविल्याचे घोषित केले. वास्तविक एकही विमानवाहू नौका बुडाली नव्हती; कॅनबेरा व ह्यूस्टन या दोन क्रूझर नौका जबर जखमी झाल्या होत्या, इतकेच. रात्रीचा अंधार, अनुभवी वैमानिकांचा तुटवडा, समुद्रावर पडून जळणारी स्वतःचीच विमाने, आणि विजयाची वार्ता ऐकण्यास उत्सुक असलेले वरिष्ठ, या सर्वांचा मिळून हा परिणाम झाला. या भ्रमाचे मोल मोठे होते. अमेरिकन आरमार खिळखिळे झाले आहे असे मानून जपानी लष्कराने लेटे बेटावर निर्णायक लढाई देण्याचा बेत पक्का केला आणि तेथे आपले सैन्य ओतले. म्हणजे दैनंदिन नोंद ही इतिहासाचे केवळ साधन नसते. ती स्वतः इतिहास घडविते.

३

या महासागरी युद्धाचा भारताशी संबंध दोन वाटांनी आला. पहिली वाट समुद्राची. पर्ल हार्बरवर हल्ला करणाऱ्या अॅडमिरल नागुमोच्या ताफ्याने ५ एप्रिल १९४२ रोजी कोलंबोवर आणि ९ एप्रिल रोजी त्रिंकोमालीवर हल्ला केला. मधल्या ६ एप्रिल रोजी विशाखापट्टण आणि काकिनाडा येथे बाँब पडले. पुढे दोन महिन्यांच्या आत या ताफ्यातील आकागी, सोर्यू व हिर्यू या विमानवाहू नौका मिडवेपाशी बुडाल्या आणि हिंदी महासागरावरील तो धोका ओसरला. दुसरी वाट ब्रह्मदेशाच्या अरण्याची. ती १९४५ पर्यंत जळत राहिली. पॅसिफिकमध्ये जपानच्या विमानबळाची जसजशी झीज होत गेली, तसतशी ब्रह्मदेशातील जपानी विमानपथके तिकडे ओढली गेली. इंफाळच्या वेढ्यात मित्रराष्ट्रांची मालवाहू विमाने दिवसाढवळ्या ये-जा करू शकली, त्याची कारणे इंफाळच्या आकाशात जितकी आहेत, तितकीच ती सॉलोमन बेटांच्या आकाशातही शोधली पाहिजेत.

भारतीय विमानदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली आणि पहिल्या तुकडीची उभारणी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड येथे चार वापिती विमानांनिशी झाली. अधिकाऱ्यांखालील तंत्रज्ञांस त्या काळी ‘हवाई सिपाही’ असे म्हणत. हा शब्द मोठा सूचक आहे. भूदलाच्या ‘सिपाही’ या पदास केवळ एक विशेषण जोडून नव्या यंत्रविद्येचा कारागीर निर्माण करण्यात आला. त्याच्या हातातील पाना आणि तेलाचा डबा यांची दखल त्या नावात नव्हती. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा या दलात १६ अधिकारी आणि १४४ हवाई सिपाही होते. युद्ध संपताना नऊ स्क्वाड्रने आणि सुमारे २८,५०० माणसे होती. किनाऱ्याच्या राखणीसाठी स्वयंसेवक वैमानिकांच्या ज्या तुकड्या आरंभी उभ्या केल्या गेल्या, त्यांतील दुसरी मुंबईस होती. अरबी समुद्रावर टेहळणी करणे आणि नौकांच्या काफिल्यांवर लक्ष ठेवणे, हे या तुकड्यांचे काम होय.

ब्रह्मदेशात पहिल्या स्क्वाड्रनने फेब्रुवारी १९४२ मध्ये टाँगू येथून काम सुरू केले. तिचा नायक के. के. मजुमदार याने टेहळणीसाठी बनविलेल्या लायसँडर विमानांस बाँब लावून सयाममधील जपानी विमानतळावर हल्ले केले. मार्चमध्ये रंगून पडले आणि स्क्वाड्रन भारतात परतली. दुसऱ्या खेपेस, ३ फेब्रुवारी १९४४ रोजी, हीच स्क्वाड्रन हरिकेन विमाने घेऊन अर्जनसिंगांच्या नेतृत्वाखाली इंफाळ येथे दाखल झाली आणि सुमारे चौदा महिने आघाडीवर राहिली. अराकानच्या बाजूस मेहरसिंगांच्या सहाव्या स्क्वाड्रनने टेहळणीचे काम इतके चोख केले की चौदाव्या सैन्याचे डोळे असा तिचा लौकिक झाला. मराठी मुलखातील तरुणही या दलात होते. मुंबईत १९२० मध्ये जन्मलेले आणि १९४० मध्ये दलात प्रवेश केलेले हृषिकेश मुळगावकर ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. पुढे काश्मीरच्या युद्धात त्यांस महावीरचक्र मिळाले आणि १९७६ ते १९७८ या काळात ते भारतीय वायुसेनेचे प्रमुख होते.

४

प्रत्येक स्क्वाड्रनला दैनंदिन कामाची वही ठेवावी लागे. तिचे दोन भाग असत. एकात दिवसाचा सारांश. दुसऱ्यात प्रत्येक उड्डाणाचा तक्ता. विमानाचा प्रकार व क्रमांक, चालकाचे नाव, कामगिरी, उड्डाणाची वेळ, परतण्याची वेळ आणि तपशील, असे या तक्त्याचे रकाने होत. वरवर पाहता हा शुष्क कागद आहे. परंतु भाषेच्या अंगाने पाहू लागल्यास त्याची काही लक्षणे स्पष्ट होतात.

पहिले लक्षण असे की, या नोंदीत पूर्ण वाक्य विरळा. कर्ता गळालेला, क्रियापद कर्मणी, आणि ठरीव शब्दसंहती वारंवार आलेल्या. ‘बाँब लक्ष्यक्षेत्रात पडले’, ‘परिणाम दिसला नाही’, ‘सांगण्यासारखे काही नाही’, ‘हवामानामुळे कामगिरी झाली नाही’ अशा अर्थाची सूत्रे सर्वत्र आढळतात. पेशवाई दफ्तरातील ‘सबब’, ‘बद्दल’, ‘पैकी’ या शब्दांनी जसे कारकुनास विचार करण्याच्या श्रमातून मुक्त केले, तसेच या सूत्रांनीही केले. अशा सूत्राचा अर्थ शब्दकोशात शोधून चालत नाही; ते कोणत्या पर्यायाच्या जागी आले आहे, हे पाहावे लागते.

‘परिणाम दिसला नाही’ हे सूत्र त्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मराठीत या वाक्याचे दोन अर्थ होतात : परिणाम झाला नाही, आणि परिणाम झाला असेल पण तो पाहता आला नाही. लष्करी नोंदीत केवळ दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. चिंदविनच्या खोऱ्यातील घनदाट झाडीवर ताशी तीनशे मैलांच्या आसपास वेगाने जाणाऱ्या एकट्या वैमानिकास खाली काय झाले हे दिसणे दुरापास्त होते. परंतु पुढील काळच्या वाचकाच्या हाती ही नोंद आली म्हणजे तो तिचा पहिला अर्थ घेतो आणि मोहीम निष्फळ ठरवितो. उलटपक्षी ‘बाँब लक्ष्यक्षेत्रात पडले’ या वाक्यातील ‘क्षेत्र’ हा शब्द किती विस्तीर्ण आहे, हे लक्षात न घेता तो यशाची बेरीज करतो. दोन्हीही वाचने चुकीची आहेत. दोन्हींचे मूळ भाषेच्या अनवधानात आहे.

‘सांगण्यासारखे काही नाही’ ही नोंद त्याहून फसवी आहे. जपानी सैन्य दिवसा झाडीत दडून राही आणि रात्री हलत असे. तिडिम व तामूच्या रस्त्यांवर भल्या पहाटे आणि सायंकाळी टेहळणी करणाऱ्या विमानास रस्ता रिकामा दिसला, याचा अर्थ रस्ता रिकामा होता असा नव्हे. किंबहुना शत्रू दिवसा हलू शकत नाही, हेच त्या टेहळणीचे फलित असे. रिकाम्या नोंदींची दीर्घ मालिका हा यशाचा पुरावा ठरू शकतो. आणि एकेकटी वाचली असता तीच नोंद निरर्थक वाटते. रोजकीर्द मालिकेने वाचावी, सुट्या पानाने नव्हे, हा नियम येथे पुन्हा प्रत्ययास येतो.

दुसरे लक्षण काळासंबंधीचे. भारतातील प्रमाणवेळ १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत एक तासाने पुढे नेलेली होती. जपानी सैन्य मात्र कोणत्याही आघाडीवर टोकियोचीच वेळ पाळी. त्यामुळे एकाच घटनेच्या दोन बाजूंच्या नोंदींत अडीच तासांचे अंतर पडते. इंग्रजी वहीत पहाटे साडेपाचला घडलेली गोष्ट जपानी कागदात सकाळी आठची होते. हे गणित न करता दोन्ही बाजूंच्या नोंदी शेजारी ठेवणारा संशोधक पहाटेच्या हल्ल्यास सकाळचा हल्ला समजेल, आणि एका घटनेच्या दोन घटना करील. शिवकालीन पत्रांतील हिजरी, शालिवाहन आणि राज्याभिषेक शक यांचा मेळ घालण्यात ज्यांची हयात गेली, त्या मराठी संशोधकांस ही अडचण नवी वाटू नये.

तिसरे लक्षण स्थलनामांचे. मणिपूरच्या डोंगरातील तांगखुल नागा लोकांचे शांगशाक हे गाव इंग्रजी कागदात सांगशाक झाले आणि जपानी कागदात सांजाक्कु. नकाशावर नाव उमटते ते मोजणीखात्याच्या कारकुनाने ऐकलेले. गावाने उच्चारलेले नव्हे. विमानातून येणाऱ्याला तर गावाचे नावही लागत नाही. त्यास नकाशाच्या चौकटीचा आकडा पुरतो. ज्यांच्या घरांवर युद्ध कोसळले, त्यांचे गाव नोंदीत सहा आकडी होऊन बसले.

५

नोंदीतील हे मौन कोणास किती महाग पडले, याचे एक उदाहरण मराठी इतिहासाच्या दृष्टीने फार जवळचे आहे. मार्च १९४४ मध्ये जपानी एकतिसावी डिव्हिजन चिंदविन ओलांडून कोहिमाच्या रोखाने निघाली. तिच्या वाटेवर उखरुलजवळ पन्नासावी भारतीय छत्रीधारी ब्रिगेड होती. तिच्याच साहाय्यास चौथी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही पायदळ पलटण होती. या सर्वांनी २१ मार्चच्या सुमारास शांगशाकच्या टेकडीवर आपले मोर्चे एकवटले. मोर्चांची जागा अरुंद होती, जमीन खडकाळ असल्याने खंदक खोल खणता येत नव्हते, आणि पाण्याचा झरा मोर्चांच्या आत नव्हता. टेकडीच्या एका टोकास बॅप्टिस्ट मिशनचे चर्च होते. त्याच्या परिसरातच सर्वांत निकराची झुंज झाली. कोकणातून आणि घाटावरून आलेले मराठे, गुरखे आणि छत्रीधारी पलटणींतील इतर हिंदी सैनिक २६ मार्चच्या रात्रीपर्यंत टिकून राहिले. मग ते अरण्यातून निसटले. ब्रिगेडचे सुमारे सहाशे लोक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. परंतु जपान्यांचे जे दिवस येथे गेले, ते कोहिमा आणि इंफाळ येथील बचावास मिळाले.

या पाच दिवसांत टेकडीस पाणी, अन्न आणि दारूगोळा पोहोचविण्याचा मार्ग एकच होता : आकाश. डाकोटा विमाने येत आणि छत्र्यांनी माल टाकीत. पण ज्या जागेवर तो टाकावयाचा, ती इतकी लहान होती की बहुतेक माल वाऱ्याने वाहून जपानी मोर्चांत पडे. तहानेने व्याकूळ झालेले सैनिक आपल्यासाठी आलेले पाणी शत्रूच्या हाती पडताना पाहत होते. येथे दोन क्रियापदांतील भेद निर्णायक ठरतो. विमानाची वही ‘टाकले’ असे लिहिते. टेकडीवरील माणूस ‘मिळाले’ किंवा ‘मिळाले नाही’ असे म्हणतो. मालवाहतुकीच्या हिशेबात टाकलेला प्रत्येक टन हा पोहोचलेला टन धरला जातो. मराठा पलटणीचा अनुभव त्या हिशेबात कोठेच बसत नाही. पेशवाईतील जमाखर्चात रवानगी आणि पोहोच या दोन वेगळ्या नोंदी असत, आणि पोहोच आल्यावाचून रकमेचा निकाल लागत नसे; ही जुनी सावधगिरी येथे स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

हवाई रसदीचे एकंदर यश यामुळे नाकारावयाचे नाही. २९ मार्च १९४४ रोजी इंफाळ–कोहिमा रस्ता तुटला आणि २२ जून रोजी तो पुन्हा खुला झाला. या मधल्या काळात इंफाळचे मैदान विमानांवर जगले. १८ एप्रिल ते ३० जून या अवधीत सुमारे १८,८०० टन रसद आणि सुमारे १२,५०० सैनिक विमानांनी आत आणले गेले. परतीच्या फेऱ्यांत सुमारे १३,००० जखमी व आजारी आणि सुमारे ४३,००० बिगरलढाऊ माणसे बाहेर नेली गेली. त्याआधी मार्चच्या उत्तरार्धात पाचवी भारतीय डिव्हिजन अराकानच्या आघाडीवरून उचलून विमानांनीच उत्तरेस आणली होती. एवढ्या मोठ्या सैन्याचे लढाईच्या ऐन गर्दीत आकाशमार्गे झालेले स्थलांतर तोवर अपूर्व होते. रेशमी छत्र्यांचा तुटवडा पडला तेव्हा कलकत्त्याच्या गिरण्यांनी तागाच्या छत्र्या तयार केल्या. त्या रेशमी छत्रीच्या मानाने फारच थोड्या खर्चात होत. बंगालचा ताग, भारतीय सेवा-तुकड्यांतील माल बांधणारे व विमानाच्या दारातून तो ढकलणारे हात, आणि भरपावसाळ्यात डोंगरावरून उडणारे वैमानिक, असा हा व्यवहार होता. वहीच्या रकान्यात यांपैकी वैमानिकाचे नाव येते. बाकीच्यांसाठी रकानाच नाही.

६

रोजकीर्दीच्या तक्त्यातील हिशेब ‘उड्डाणाची वेळ’ येथे सुरू होतो आणि ‘परतण्याची वेळ’ येथे संपतो. उड्डाणापूर्वी विमान जमिनीवर असते. ती जमीन कोणाची, हे तक्ता विचारीत नाही. आघाडीपासून दोन हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात हा प्रश्न आजही जिवंत आहे.

कल्याणजवळील नेवाळी परिसरात युद्धकाळी विमानांसाठी धावपट्टी बांधण्यात आली. त्यासाठी १९४२ च्या सुमारास भारत संरक्षण कायद्यान्वये अनेक गावांतील दीड हजारांहून अधिक एकर जमीन सरकारने ताब्यात घेतली. युद्ध संपले, धावपट्टीवरून नित्याची उड्डाणे थांबली, जमीन मात्र परत गेली नाही. ती तात्पुरती घेतली होती आणि युद्धानंतर परत मिळावयास हवी होती, असे शेतकऱ्यांच्या वारसांचे म्हणणे. ती कायमची संपादित झाली असे शासनपक्षाचे म्हणणे. पिढ्यान्पिढ्या हा वाद कागदोपत्री चालला. जून २०१७ मध्ये भारतीय नौदलाने तेथे कुंपणाचे काम हाती घेतल्यावर २२ जून रोजी आंदोलनास हिंसक वळण लागले. या तंट्यात न्याय कोणत्या पक्षाकडे, हे ठरविणे इतिहासकाराचे काम नव्हे. परंतु तंट्याचे स्वरूप त्याने ओळखावे. येथे झगडा दोन नोंदींचा आहे : एक लष्करी गरजेची, दुसरी महसुली फेरफाराची. ‘ताब्यात घेणे’ आणि ‘संपादन करणे’ या दोन शब्दप्रयोगांत जे अंतर आहे, त्यावर शेकडो कुटुंबांची शेती अवलंबून आहे. शब्दार्थाची चर्चा ही केवळ पंडितांची करमणूक आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी नेवाळीचे उदाहरण पाहावे.

मुंबई बंदराचीही गोष्ट अशीच. ब्रह्मदेशच्या आघाडीस लागणाऱ्या युद्धसामग्रीचा मोठा भाग पश्चिम किनाऱ्यावर उतरे आणि रेल्वेने देशाच्या दुसऱ्या टोकास जाई. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजाचा स्फोट झाला. इंग्लंडहून निघताना त्याच्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि खोक्यांत बांधलेली स्पिटफायर विमाने होती. कराचीस काही माल उतरला आणि मोकळ्या जागेत कापूस भरला गेला. त्या कापसाने पेट घेतला आणि दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे मेली. गोदीलगतची वस्ती जळाली. इंफाळच्या हवाई पुरवठ्याची मोठी योजना सुरू होण्यास तेव्हा चार दिवस उरले होते. परंतु इंफाळच्या इतिहासात मुंबईच्या गोदीतील हमालांचा मृत्यू येत नाही, आणि मुंबईच्या इतिहासात हा स्फोट अपघात म्हणून येतो, युद्धाचा भाग म्हणून क्वचितच.

त्याहून पुढे, वसई तालुक्यात, युद्धाची खूण आणखी पुसट होते. १९३६ मध्ये विजेची लोकलगाडी विरारपर्यंत आली होती. त्यामुळे तालुक्याचा संबंध मुंबईच्या गोद्यांशी आणि गिरण्यांशी रोजचा झाला होता. मनवेलपाडा, नालासोपारा, आगाशी, अर्नाळा या गावा-पाड्यांवर बाँब पडला नाही. येथे धावपट्टीही झाली नाही. म्हणून युद्धाच्या इतिहासात या नावांस स्थान नाही. परंतु ज्या शहराच्या गोदीत युद्धसामग्री उतरत होती, त्याच्याशी या वस्त्यांचा दररोजचा आगगाडीचा व्यवहार होता, आणि ज्या समुद्रावर मुंबईची तुकडी टेहळणी करी, तोच अर्नाळ्याच्या कोळ्यांचा समुद्र होता. ‘पाडा’ हे उपपद लहान, मूळ गावापासून सुटून असलेल्या वस्तीचे वाचक आहे. मनवेलपाडा आज वसई–विरार महानगरपालिकेचा दाट वस्तीचा भाग आहे, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. त्याच्या नावातील ‘पाडा’ तेवढा जुन्या विरळ वस्तीची साक्ष देत उरला आहे. स्थलनाम ही सुद्धा एक नोंदच होय. आणि पुष्कळदा कागद गेल्यावर तीच शिल्लक राहते.

७

या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, दैनंदिन विमानमोहिमांचा इतिहास लढायांच्या साच्यात बसत नाही. त्याची मोजणी दिवसांच्या मालिकेने करावी लागते. रबौल आणि इंफाळ ही त्याची दोन भिन्न टोके आहेत : एका ठिकाणी नित्यक्रमाने सैन्य कोंडले, दुसऱ्या ठिकाणी नित्यक्रमाने सैन्य जगविले.

दुसरा निष्कर्ष साधनचिकित्सेचा. दैनंदिन नोंद घटनेच्या अत्यंत निकट असते, म्हणून ती बखरीहून विश्वसनीय, हे सामान्यतः खरे. परंतु फॉर्मोसाच्या उदाहरणावरून दिसते की निकटता ही भ्रमाचीही जननी होऊ शकते. आणि शांगशाकच्या उदाहरणावरून दिसते की नोंद खरी असूनही अपुरी असू शकते. टाकलेल्या मालाची नोंद खोटी नव्हती. ती केवळ अर्ध्या व्यवहाराची होती. डॉ. बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या अधिकृत भारतीय इतिहासमालेत एस. सी. गुप्ता यांचा विमानदलावरील खंड १९६१ मध्ये निघाला. पुढील संशोधनास त्याचा आधार घ्यावाच लागेल. पण अशा ग्रंथाचा पाया मुख्यत्वे लष्करी कागदांचा असतो, हे ध्यानात ठेवून.

तिसरा निष्कर्ष संशोधनाच्या दिशेचा. आघाडीच्या नोंदी परदेशच्या आणि दिल्लीच्या दफ्तरांत आहेत. पिछाडीचे कागद महाराष्ट्रातच आहेत. तालुक्यांचे फेरफार, ग्रामपंचायतींची व नगरपालिकांची इतिवृत्ते, वसईच्या चर्चमधील मृत्यूनोंदी, पलटणींतून निवृत्त झालेल्या सैनिकांच्या घरी राहिलेली सेवापुस्तके आणि पोस्टकार्डे, हे साहित्य एकत्र केल्यास ‘टाकले’ आणि ‘मिळाले’ यांतील दरी काही अंशी भरून निघेल. ज्या पिढीने हे युद्ध पाहिले तिच्यातील फार थोडी माणसे आता हयात आहेत, आणि घरोघरचे कागद दर पावसाळ्यात कमी होत आहेत. लष्कराने आपली वही जपून ठेवली आहे. गावाची वही अद्याप कोणी बांधलेली नाही. आणि ती बांधण्याचे काम मराठी जाणणाऱ्या संशोधकांनी केले नाही, तर ते दुसरे कोणी करील असा संभव फार थोडा आहे.